फुईच्या दोन आजारांचा एक तृतीयांश सारांश

रत्नाला त्या वर्षी वक्तृत्वाचा कप मिळाला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कप जिल्हा पातळीवरचा, जळगावचा. एक वीतभर उंच, दोन कान असलेला आणि आतून रिकामा. घरातल्या फळीवर तो आला आणि रत्नाचं चालणं बदललं, बोलणं बदललं. पारोळ्याच्या गल्लीत जन्मलेली, वाढलेली ही पोर घरात शुद्ध मराठी बोलू लागली. 'पाणी पेस' म्हणायचं सोडून 'मी पाणी प्राशन करते' म्हणू लागली. तिची मोठी आत्या द्रौपदाबाई, म्हणजे फुई, हे ऐकून म्हणायची, "पे वं माय, कसंबी पे. तांब्या मातर घाशीसन ठेव."

फुई त्यांच्याच घरी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकट्या भावाकडे, रत्नाच्या नानांकडे आली आणि कन्याशाळेत शिपाई म्हणून लागली. वीस वर्षं शाळेची घंटा तिच्या हातात होती. मोठ्या बाईंना वाटायचं शाळा आपण चालवतो. पोरींना खरं काय ते माहीत होतं.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात फुईच्या छातीत गाठ निघाली. धुळ्याच्या सर्जननी ती काढली, कॅन्सर आहे म्हणून सांगितलं, आणि दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यायचं ठरवलं. घर हादरलं, रडलं, आणि मग धुळ्याच्या गाडीचं वेळापत्रक पाठ करून कामाला लागलं. दोन सलाईनी झाल्या. तिसरीच्या आधी रक्त तपासलं तर त्यात भलतंच दिसलं. सर्जन म्हणाले, हे माझ्या हद्दीतलं नाही, जळगावला रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा. जळगावच्या डॉक्टरांनी मानेतल्या, काखेतल्या गाठी चाचपल्या, तपासण्या केल्या आणि सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे. वेगळाच. पहिल्याचा नातेवाईक नाही. सावकाश चालणारा आहे, गोळ्यांवर दाबून ठेवता येईल.

"म्हंजे दोन?" फुईनं विचारलं.

"दोन," डॉक्टर म्हणाले.

"एक पुरता नव्हता का?" फुई म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

पारोळा दोघांच्या मधे. पश्चिमेला धुळं, पूर्वेला जळगाव, दोन्हीकडे जाणारा हमरस्ता एकच. धुळेवाल्या डॉक्टरांना नानांनी विचारलं, जळगावच्या गोळ्या चालू ठेवायच्या का? ते म्हणाले, ते त्यांना विचारा. जळगाववाल्यांना विचारलं, धुळ्याची सलाईन द्यायची का? ते म्हणाले, ते त्यांना विचारा. दोघंही भली माणसं, दोघांच्याही दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची, आणि एकमेकांशी ते एक शब्द बोललेले नव्हते. गोळ्याही चालू राहिल्या आणि सलाईनीही. नाना शिवणकाम करणारे. दोन गिऱ्हाइकांची मापं एकमेकांत जाऊ नयेत एवढंच त्यांना कळत होतं. ते परत मशीनवर जाऊन बसले.

"धुयावाला म्हनस जयगाववालाले विचार, जयगाववाला म्हनस धुयावालाले विचार," फुई म्हणाली. "मी काय टपालनी पेटी शे का? आनि दोन्हीकडे सुया टोची टोची मना हातनी चायनी व्हई गई."

तेव्हा रत्ना उभी राहिली. म्हणजे खरोखरच उभी राहिली, पाटावर. अशा वेळी बसून बोलणं तिला आता जमतच नव्हतं.

"नाना, फुई," ती म्हणाली, "इथे अभाव आहे तो समन्वयाचा!"

"कसाना?" फुईनं विचारलं.

"समन्वयाचा. दोन्ही पक्षांमध्ये दुवा पाहिजे. मी तो दुवा होणार आहे."

नानांनी मशीनचं चाक थांबवलं. पोरीकडे पाहिलं. मग कपाकडे पाहिलं. बिचारे फसले. "बरं," ते म्हणाले. "पण अभ्यास सांभाळून."

दहावीच्या अभ्यासाचं काय सांगता! या कामाइतकं मन लावून रत्नानं कुठलीच वही केली नव्हती. दोन फायली आणल्या, धुळ्याची लाल आणि जळगावची निळी. नानांच्या दुकानातल्या पुठ्ठ्यावर मोठा तक्ता आखला. डाव्या बाजूला तारखा, वर औषधांची नावं, आणि कोपऱ्यात, कारण नसताना, एक कमळ. तक्ता भिंतीवर लागला तेव्हा शेजारची भागाबाई मुद्दाम बघायला आली आणि विचारून गेली की लग्न कुणाचं आहे.

खरं सांगायचं तर तक्त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. रत्नाच्या लक्षात आलं की जळगावला शनिवारी रक्त काढतात आणि धुळ्याला मंगळवारी पुन्हा तेच रक्त काढतात. दोन्हीकडे मोजतात तेच. तिनं धुळेवाल्या डॉक्टरांना विचारलं, "सर, जळगावचा रिपोर्ट आणला तर चालेल? फुईची एक सुई वाचेल." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "चालेल की. ताजा असला म्हणजे झालं."

एक सुई वाचली! फुईनं त्या दिवशी परतीच्या गाडीत स्वतःच्या हातानं तिला पेरू सोलून दिला. पेरू कुणी सोलून देतं का? पण दिला. रत्नाला आता धुळ्याचे आणि जळगावचे डॉक्टर आपल्या हाताखाली असल्यासारखे वाटू लागले.

पुढच्या सलाईनच्या आधीच्या शनिवारी ती फुईला घेऊन जळगावला गेली. डॉक्टरांनी फुईला तपासलं, रक्ताचा कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "माझ्या गोळ्या आजपासून बंद. धुळ्याच्या डॉक्टरांना मी सविस्तर पत्र देतो. तेवढं नक्की त्यांच्या हातात द्या."

"दुवा मीच आहे, सर," रत्ना म्हणाली. मग जिल्ह्याच्या कपाबद्दलही म्हणाली. विषय काय होता, परीक्षक कोण होते, शेवटच्या वाक्याला टाळ्या कशा पडल्या. डॉक्टर लिहिता लिहिता 'हं, हं' करत होते. मधे त्यांनी मान वर करून काहीतरी सांगायला तोंड उघडलंही होतं. पण रत्ना तेव्हा टाळ्यांपर्यंत पोचली होती.

पत्र दीड पानांचं, इंग्रजीत, आणि अक्षर असं की शाईत पाय बुडवून मुंगळा फिरावा. त्यात फुईनं घडी करून ते कमरेला खोचलं. पारोळ्याला येईपर्यंत त्याचा बोळा झाला होता.

रविवारी रत्ना ते उलगडून बसली आणि तिला धुळेवाल्यांची दया आली. एवढा कामाचा माणूस, पन्नास पेशंट बाहेर बसलेले, त्यानं हा बोळा वाचायचा? छे. आणि नेमकं त्याच आठवड्यात मराठीच्या आर. बी. सरांनी वर्गात सारांशलेखन घेतलं होतं. दहावीचा हमखास प्रश्न. उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश करा आणि योग्य शीर्षक द्या. सरांचे नियम रत्नाला तोंडपाठ होते. पुनरुक्ती गाळा. उदाहरणं गाळा. उपदेश गाळा. मुख्य आशय तेवढा ठेवा. सर म्हणाले होते, "ही नुसती परीक्षेची गोष्ट नाही, आयुष्यभर कामाला येईल."

रत्नानं ती लगेच कामाला लावली.

शब्द मोजले. दोनशे चाळीस. म्हणजे ऐंशी. शब्दकोश मांडीवर घेऊन आधी भाषांतर केलं, मग कात्री लावली. काही शब्द कोशात सापडेनात. ते तिनं सोडून दिले, कारण जो शब्द एवढ्या जाड कोशात नाही तो काय महत्त्वाचा असणार? शेवटच्या परिच्छेदात डॉक्टरांनी एका वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या आणि 'कृपया' असा शब्द दोनदा वापरला होता. एक तर पुनरुक्ती, शिवाय उपदेश. गाळला. पत्रासोबत दिलेल्या रक्ताच्या कागदावर वर एक मोठा आकडा होता, पांढऱ्या पेशी अकरा हजार दोनशे, आणि खाली बारीक बारीक टक्केवारीच्या ओळी. मुख्य आशय वरचा आकडा. खालच्या ओळी ही उदाहरणं. गाळल्या.

सत्त्याहत्तर शब्दांत बसलं! आखीव कागदावर, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात उतरवलं. शीर्षक दिलं: 'रक्तातील सद्यःस्थिती'. खाली रेघ मारली. मूळ पत्र आणि रक्ताचा कागद मळके होते, म्हणून ते घरी पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं दोघी धुळ्याला निघाल्या. फुई खिडकीशी गप्प बसली होती. एरवी ती कंडक्टरला नावानं हाक मारून दोन गोष्टी ऐकवायची.

"काय झालं, फुई?"

"काही नही. तोंड येल शे. सकायनी भाकर गियता नही उनी."

"मिरची कमी खा," असं वैद्यकीय मत देऊन रत्ना तक्त्याची छोटी प्रत वाचू लागली.

दवाखान्यात नंबर लागला. डॉक्टरांनी लाल फाईल उघडली, त्यातला आखीव कागद वाचला, आणि पहिल्यांदाच चष्मा काढून रत्नाकडे पाहिलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो सर."

"सिस्टर, हे बघा. असे कागद सगळ्या नातेवाइकांनी आणले तर माझा दिवस बारा वाजता संपेल." मग फुईला म्हणाले, "अक्का, हुशार आहे हो भाची."

"बोलस भारी," फुई म्हणाली.

"गोळ्या थांबवल्यात, बरं झालं. पेशी कमी नाहीत ना झाल्या?"

"नाही सर!" रत्ना म्हणाली. "भरपूर आहेत. अकरा हजार दोनशे."

"छान. मग चढवून टाका आज," म्हणत त्यांनी सही केली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रत्ना तरंगत आतल्या खोलीत गेली. खाटेवर फुई आडवी झाली. प्रमिलाबाई नावाच्या सिस्टर सलाईनची बाटली टांगत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनंतर त्यांचाच शब्द चालायचा, आणि डॉक्टर बाहेर गेले की डॉक्टरांच्या आधी.

"काय अक्का, ताप-बिप? जुलाब?"

"नही. तोंडमा फोड शेतस. गियता येत नही."

"बघू. आ करा." सिस्टरनी बॅटरी मारली आणि बराच वेळ बंद केली नाही. "अगं माय. केवढं आलंय तोंड." मग रत्नाकडे वळून म्हणाल्या, "लढणाऱ्या पेशी कमी झाल्या की असं तोंड येतं. पण तुझ्या कागदावर तर भरपूर आहेत म्हणे."

"हो," रत्ना म्हणाली. "अकरा हजार..."

आणि तिथे तिचा आवाज बसला. जिल्ह्यात पहिला आलेला आवाज. कारण तिला त्या दोन रेघा दिसल्या. पत्रातल्या शेवटच्या वाक्याखालच्या. त्यात एक शब्द कोशात होता, तिनं तो शोधलाही होता: 'दिशाभूल करणारा'. एकूण आकडा दिशाभूल करणारा. तेव्हा तिला वाटलं होतं, डॉक्टर जरा आलंकारिक लिहितायत.

सिस्टरनी फुईच्या हातावर रबराची पट्टी बांधली. शीर शोधू लागल्या.

आता रत्नाच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. पहिला विचार आला तो फुईचा नव्हता. पहिला विचार होता, दहा मिनिटांपूर्वी 'हुशार' म्हणाले. आता काय म्हणतील? दुसरा विचार होता, कदाचित काही होणारही नाही. गोळ्या चालू असतानाच मागच्या दोन सलाईनी झाल्याच की. तिसऱ्या विचारापर्यंत सिस्टरच्या हातात सुई आली होती. फुईनं डोळे मिटून मान पलीकडे वळवली. एरवी सुईकडे टक लावून बघणारी फुई.

"थांबा!" रत्ना ओरडली. "सिस्टर, थांबा! मी गाळलंय!"

"काय सांडलंस?"

"पत्र! पत्रातलं गाळलं मी. एक तृतीयांश केलं ते. खालचे आकडे गाळले, रेघा मारलेलं वाक्य गाळलं, पेशी भरपूर नाहीयेत, म्हणजे आहेत, पण मला माहीत नाही कुठल्या आहेत!"

प्रमिलाबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. पट्टी सोडली. आवाज न चढवता म्हणाल्या, "चल. हे सगळं डॉक्टरांना सांग. न रडता."

न रडता जमलं नाही. डॉक्टरांसमोर एक पेशंट शर्ट वर करून बसला होता, दुसरा दारात उभा होता, आणि या सभेपुढे रत्नानं आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषण केलं. सुरुवात नाही, शेवट नाही, मधे हुंदके. शर्टवाला पेशंट एकाग्र होऊन ऐकत होता.

"मूळ पत्र कुठंय?"

"पेटीत. घरी. मळलं होतं म्हणून."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग आखीव कागदाकडे पाहिलं. मग फोन ओढला. जळगावचा नंबर फिरवला, लागला नाही. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा कुणा बेकरीला लागला. पाचव्यांदा पलीकडून रक्ताच्या डॉक्टरांचा आवाज आला. ते फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायचे की जळगावहून फोनशिवायही ऐकू आलं असतं.

"द्रौपदाबाई? दिलं का हो तुम्ही औषध?" हे पहिलं वाक्य.

"नाही. सुई लागायची होती."

"देऊ नका! मी पत्रात दोन रेघा मारल्यात की!"

"माझ्यापर्यंत रेघा आल्या नाहीत."

"म्हणजे?"

"ते नंतर सांगतो. आकडे सांगा."

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि धुळ्याचे लिहून घेत गेले. अकरा हजारातल्या बहुतेक पेशी त्या रक्ताच्या आजाराच्याच, नुसती गर्दी, कामाच्या नाहीत. रोगजंतूंशी लढणाऱ्या जेमतेम नऊशे. त्या पंधराशेच्या वर गेल्याशिवाय सलाईन नको. यावर धुळ्याचे म्हणाले, मग तुमच्या गोळ्या आणि माझं औषध एकाच वेळी चाललं कसं इतके दिवस? जळगावचे म्हणाले, मला वाटलं तुम्ही डोस कमी केलाय. धुळ्याचे म्हणाले, मला वाटलं तुम्ही केलाय. मग धुळ्याच्यांनी लिहून घेतलेल्या आकड्यांखाली स्वतःच दोन रेघा मारल्या. 

"माझी सलाईन संपेपर्यंत तुमच्या गोळ्या बंदच ठेवू," धुळ्याचे शेवटी म्हणाले.

"बरोबर. माझा आजार थांबू शकतो. तुमचा नाही. आणि प्रत्येक वेळेआधी मला फोन करा."

"लागला तर."

"लागला नाही तर देऊ नका."

फोन ठेवून डॉक्टर आतल्या खोलीत फुईजवळ आले. रत्नाला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. पण ते फुईच्या खाटेवर टेकले आणि तिला समजेल असं सगळं सांगितलं. आज सलाईन नाही. दहा दिवसांनी रक्त बघू. तोवर ताप आला, अगदी थोडा जरी आला, तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच पावली इथे यायचं. तोंडाला लावायला औषध देतो. मग रत्नाला म्हणाले, "पुढच्या वेळी मळकं पत्र आण. जेवढं मळकं असेल तेवढं. आणि सुईच्या आधी बोललीस ते बरं केलंस. दहा मिनिटं आधी बोलली असतीस तर आणखी बरं झालं असतं."

गाडीत रत्ना फुईच्या शेजारी बसली, पण मधे हातभर जागा सोडून.

"फुई," ती म्हणाली, "माझ्यामुळे तुला काही झालं असतं तर?"

फुईनं तोंडातल्या औषधामुळे गाल एका बाजूला धरून उत्तर दिलं. "तू नही वरडती तं व्हतं. वरडनी ना?"

"उशिरा ओरडले."

"मी इस वरीस घंटा वाजाडी. कैकदाव उशीर व्हयना. पन पोरी मातर टायमावर शायमा पोचन्या." मग जरा थांबून, "आनि त्या फोनवर काय बोलनात ते परत सांग. बठ्ठं. एक बी शबद नको सोडू."

रत्नानं पारोळ्यापर्यंत बठ्ठं सांगितलं, बेकरीच्या राँग नंबरसकट. नऊशे म्हणजे काय, पंधराशे कशाला पाहिजेत, गोळ्या का बंद. फुईनं मधे मधे प्रश्न विचारले, आणि ते रत्नाला रविवारी सुचले नव्हते असे होते. घरी गेल्यावर फुईनं नानांना तेच स्वतः सांगितलं, तिच्या भाषेत, आणि रत्नापेक्षा बरं सांगितलं.

ते दहा दिवस घरात थर्मामीटर फुईच्या काखेतून फारसं बाहेर आलं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एकदा पारा शंभराला टेकला तेव्हा नाना चपला घालून दारात उभे राहिले, आणि मग कळलं की फुई चुलीपुढून उठून आली होती. तोंडाचे फोड हळूहळू बसले. आठव्या दिवशी तिनं भाकर खाल्ली आणि ठेच्याकडे हात नेला. रत्नाच्या आईनं, लताबाईनं, तो उचलून फळीवर ठेवला.

अकराव्या दिवशी दोघी पुन्हा धुळ्याला गेल्या. दवाखान्यातच रक्त काढलं, म्हणजे वाचवलेली सुई परत टोचली. रिपोर्ट आला तसा डॉक्टरांनी रत्नासमोर फोन फिरवला. तीन वेळा लागला नाही. चौथ्यांदा लागला.

"एकवीसशे," धुळ्याचे म्हणाले.

"पंचवीस टक्के कमी डोसानं द्या," जळगावचा आवाज खोलीभर घुमला. "आणि मला उद्या कळवा."

प्रमिलाबाईंनी पट्टी बांधली. फुई या वेळी सुईकडे टक लावून बघत होती. शीर पहिल्याच झटक्याला सापडली. बाटलीतून थेंब पडू लागले. रत्ना खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आणि थेंब मोजू लागली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"वं रत्ना," फुई म्हणाली.

"काय?"

"कवयनी तोंड मिटीसन बशेल शे." तिनं मोकळा हात पुढे करून रत्नाच्या कपाळाला लावला. "तुले ताप तं नही ना?"